हेझलच्या पायातला लाल पट्टा

"पप्पा एकटेच येतील!" ब्रिटानं हातातला टोस्ट ताटलीत टाकला आणि बहिणीकडे न बघताच ती म्हणाली, "शाळेत आज आमची वासरं बघायला घरच्यांना बोलावलंय. जिच्यामुळे घरच्या गायी गेल्या, तिचं तिथं काय काम?"

मार्लिसच्या हातातली कॉफीची किटली थबकली... केवढं लागलं ते तिच्या जिव्हारी! आई गेली तेव्हा ब्रिटा सहा वर्षांची होती. जनावरांच्या डॉक्टरकीला मिळालेला प्रवेश सोडून मार्लिस घरी राहिली, या पोरीच्या वेण्या घातल्या, तिची दुखणीखुपणी काढली, आणि रोज पहाटे उठून वडिलांच्या बरोबरीनं साठ गायींच्या धारा काढल्या. आणि आता तीच ब्रिटा दीड वर्षात तिच्याशी धड एक वाक्य बोलली नव्हती!

"गुडघा दुखतोय माझा," त्यांचे पप्पा, ऑर्विल, कपात बघत पुटपुटले. "गाडी तिला चालवू दे. बसेल गाडीतच."

"बसेन," मार्लिस म्हणाली.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या भागात नुकतं चालायला लागलेल्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. औषध चालू असलेल्या जनावराच्या मागच्या पायात लाल पट्टा बांधायचा, आणि गाय दुभती असेल तर तिचं दूध वेगळं काढून ओतून द्यायचं. दीड वर्षापूर्वी ऑर्विल यांनी अशा एका गाईचं दूध टाकीत सोडलं. टँकरमध्ये ते शेजारच्या चार गोठ्यांच्या दुधात मिसळलं, तपासणीत औषध सापडलं, आणि अख्खा टँकर ओतावा लागला. त्यांच्या, टॉलेफसन घराण्याच्या गोठ्यामुळे! चाळीस वर्षं ज्या गोठ्याचं नाव लोक आदरानं घेत होते, त्याच्यामुळे!

"पट्टा कुठं होता?" ऑर्विल गरजले होते. मार्लिसनं मान खाली घातली. "विसरले मी, पप्पा." त्यावर, "जिथं पट्टा विसरतात तिथं गायी नांदायला नकोत," असं म्हणून त्यांनी महिन्याभरात गायी विकून गोठा रिकामा केला. ब्रिटाच्या हातावर वाढलेल्या गायीसुद्धा गेल्या.

पण मार्लिस विसरली नव्हती... पट्टा तिनं स्वतःच्या हातांनी बांधला होता! वडिलांना तो दिसला नव्हता. एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून ते चर्चला गेले, तेव्हाच तिच्या काळजात चर्र झालं होतं. पण "डोळ्यांना गाय दिसेनाशी झाली की मला खुशाल पुरून टाका," असं म्हणणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? तिनं तो कलंक मुकाट्यानं आपल्या कपाळी लावून घेतला, झालं!

शाळेच्या मैदानावर मार्चचा बर्फ अजून घट्ट होता. बाप-लेक आत गेले. मार्लिस गाडीत बसून राहिली, तोच शेतीचे शिक्षक श्रोडर सर काच वाजवत आले.

"अहो, इथं काय बसलाय? गोठून जाल! चला, आत चला."

नाइलाजानं ती शेडच्या दारापर्यंत गेली... आणि तिथंच खिळून राहिली.

काय दृश्य होतं ते! स्वच्छ पेंढ्यावर दहा वासरं, आणि त्यांच्याभोवती गुडघ्यांवर बसलेली पोरं. त्यातलं एक कालच जन्मलेलं, लटलट कापणारं. काही केल्या ते बाटली तोंडात घेईना. नखं निळी रंगवलेल्या एका मुलीनं आपली बोटं दुधात बुडवली आणि हळूच त्याच्या तोंडात सरकवली. सगळे वाकून बघू लागले... आणि वासरानं ओढलं! एकदा, दोनदा, मग नेटानं! "अगंबाई, केवढी ताकद आहे गं याच्यात!" ती मुलगी रडतच हसली. मार्लिसनं शेकडो वासरांचा पहिला घोट पाहिला होता, पण आज तिच्या अंगावर रोमांच उभे राहिले. एवढासा जीव! त्याला जगायचं कुणी शिकवलं असेल?

पलीकडे ब्रिटा आपल्या तपकिरी जर्सी कालवडीपाशी वडिलांना घेऊन उभी होती. "ही हेझल. न्यूमोनिया झाला होता हिला. सगळे म्हणाले, जाणार. आम्ही पाळीपाळीनं बसलो हिच्यापाशी. आज तिसरं इंजेक्शन झालं, आणि बघा ना, उभी राहिली!"

ऑर्विल वाकले. कालवडीच्या पाठीवरून, मांडीवरून त्यांनी हात फिरवला, तिच्या पायांकडे निरखून पाहिलं, आणि एकदम त्यांचा आवाज चढला.

"इंजेक्शन चालू आहे आणि पट्टा नाही? शाळेत हेच शिकवतात? बहिणीचाच वाण लागला तुला! टॉलेफसनांच्या पोरींना एक पट्टा बांधता येत नाही!"

ज्यांचं दूध त्या दिवशी ओतलं गेलं होतं ते शेजारचे हॅल्वर मागे वळले, "काय झालं, ऑर्विल?" ब्रिटाचा चेहरा पांढराफटक पडला. पट्टा तिथंच होता, मागच्या पायात, लालभडक, वडिलांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर!

मार्लिस धावत आली, कालवडीच्या पायाशी बसली आणि तिनं पट्टा हातानं झाकला.

"तिला नका बोलू, पप्पा! पट्टा होता... मीच काढला आत्ता. घट्ट बसला होता म्हणून..."

ब्रिटा बघतच राहिली. काढला? बहिणीच्या हाताखालून पट्ट्याचं टोक तिला स्वच्छ दिसत होतं. ही तर दाराशी उभी होती! मग ही खोटं का बोलतेय? ...आणि दीड वर्षापूर्वी...?

"मार्ली," ती बहिणीपाशी वाकली, "तेव्हासुद्धा बांधला होतास ना गं तू?"

"गप्प बस, ब्रिटा. तुझ्या पाया पडते, गप्प बस!"

ऑर्विल कष्टानं खाली बसले, मार्लिसचा हात त्यांनी बाजूला केला आणि कालवडीच्या पायाला बोटांनी चाचपलं. बोटं पट्ट्यावर थांबली. दोनदा, तीनदा त्यांनी तो चाचपून बघितला.

"लाल आहे हा?" त्यांनी विचारलं.

"हो, पप्पा," ब्रिटा रडत म्हणाली.

"मला काहीच दिसत नाही गं... नुसता चिखल दिसतो."

मार्लिसनं त्यांना आधार देऊन उठवलं. वाटलं, आता हा माणूस खचणार! पण ऑर्विल यांनी टोपी काढली आणि आवाजाच्या अंदाजानं हॅल्वर यांच्याकडे तोंड वळवलं.

"हॅल्वर, तुमचं दूध माझ्यामुळे गेलं. पट्टा बांधलेला होता. माझ्या पोरीनं बांधला होता. मला दिसला नाही, आणि दोष मी हिला दिला."

हॅल्वर पुढे येऊन म्हणाले, "टोपी घाला, ऑर्विल. थंडी आहे."

ब्रिटानं मार्लिसच्या कमरेला मिठी मारली. "का नाही बोललीस? मी तुला काय काय बोलले... तू एकदा तरी थोबाडीत मारायची होतीस माझ्या!"

"वेडी आहेस झालं," मार्लिस तिचे केस सारखे करत राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आजवर सोसलेलं सगळं जणू त्या पाण्याबरोबर निघून चाललं होतं.

ऑर्विल यांचा हात हवेत चाचपडत तिच्या बाहीपर्यंत आला. कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्या माणसानं.

"मार्लिस," ते हलकेच म्हणाले, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेशील मला?"