दोन आखूड शिट्ट्या

बाबा गेल्यापासून आईने घरातले पडदे उघडणं सोडून दिलं होतं. त्यामुळे उन्हाळा निम्मा सरल्यावर एका रविवारी ती पोहण्याचा निळा पोशाख पिशवीत भरून दाराशी उभी राहिली, तेव्हा मी जास्त काही विचारलं नाही.

"तळ्यावर ना?"

"नाहीतर काय, हे घालून बाजारात जाऊ?"

कित्येक महिन्यांतला हा तिचा पहिला टोमणा. मला बरं वाटलं. मी गाडीची किल्ली घेतली.

समुद्र आमच्यापासून फार लांब, म्हणून शहरातले लोक उन्हाळ्यात दिवसभरासाठी या तळ्यावर येतात. काठावरची वाळू ट्रकने आणून ओतलेली आहे; टाच जरा रुतली की खालचा काळा चिखल लागतो. कपडे बदलण्याच्या खोल्यांना ओल्या लाकडाचा वास येतो. पाण्यात नारिंगी गोळे ओवलेला दोर ताणलेला असतो, त्याच्या पलीकडे जायचं नाही. त्या दिवशी ऊन नव्हतं. आभाळ खाली उतरलं होतं, हवा कोंदली होती आणि पाणी शिशासारखं दिसत होतं.

तिथला एक नियम जुना आहे. पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, जोडीदार हवाच. जीवरक्षक मधूनच एक लांब शिट्टी मारतो. मग असाल तिथे जोडीदाराचा हात धरून वर करायचा आणि थांबायचं. तो मचाणावरून नजर फिरवतो. सगळ्यांच्या जोड्या जुळल्या की दोन आखूड शिट्ट्या देतो. एखादा हात एकटा दिसला, तर देत नाही.

बाबा आईचा हात कधी सरळ धरत नसत. कुस्तीतला पंच जिंकलेल्या पहिलवानाचा हात उंचावतो तसं तिचं मनगट पकडून झटक्याने वर करत आणि "विजेती!" म्हणून ओरडत. आई वैतागायची. "अहो, लोक बघताहेत!" मी काठावर पुस्तक वाचत बसलेली असायचे.

बाबा वारले ते इस्पितळात, हिवाळ्यात, कोरड्या चादरीवर. तळ्याचा त्यांच्या जाण्याशी काही संबंध नव्हता.

यंदा आईची जोडीदार मी होते. "तुला पोहता येतं ना अजून? की सगळं पुस्तकातच?" असं म्हणत ती माझ्या पुढे पाण्यात शिरली. वरचं पाणी कोमट होतं, पण कमरेखाली एकदम गार लागत होतं.

पहिली शिट्टी झाली तेव्हा आमच्यात थोडं अंतर पडलं होतं. मी हात मारत तिच्याकडे निघाले. मी पोचायच्या आतच तिचा उजवा हात वर गेला. झटक्याने. मनगट उंच, बोटं सैल, कोपर जरासं वाकलेलं. माणूस स्वतःहून हात वर करतो तेव्हा तो तसा दिसत नाही.

मचाणावरून दोन आखूड शिट्ट्या आल्या.

मला जीवरक्षकाचाच राग आला. पन्नाशीचा, जाडजूड माणूस, या उन्हाळ्यातच इथे लागलेला. आमच्या घरातल्या कुणालाच तो ओळखत नव्हता. नीट बघत नसणार, मी मनाशी म्हटलं.

"आई, मी येईपर्यंत थांबायचं ना."

"थांबलेच होते की," ती म्हणाली. तिचा चेहरा ताजा दिसत होता.

त्यानंतर ती दोराकडे सरकत राहिली. मी दोनदा हाक मारली. "इथे उबदार आहे गं," ती म्हणाली. मी तिच्याजवळ पोचले, तर तिथलं पाणी इतकं गार होतं की पोटऱ्या आखडल्या.

पुन्हा लांब शिट्टी झाली. तिचा उजवा हात वर गेलेलाच होता. मी डावा पकडून वर केला.

आखूड शिट्ट्या आल्या नाहीत.

सगळ्या तळ्यात माणसं हात वर करून स्तब्ध उभी होती. मग भोंग्यातून आवाज आला, "दोराजवळचे तिघं! जोडीने राहा. एकानं बाहेर या."

दोराजवळ आम्ही दोघीच होतो.

"ऐकू येत नाही का? तिघांतलं एक जण बाहेर!"

आईने माझ्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं.

"तू जा," ती म्हणाली.

"आई, चल, आपण दोघी जाऊ."

"अगं, आमची जोडी आहे. तू आपली बस काठावर, पुस्तक घेऊन."

तिचा उजवा हात आता पाण्याखाली होता. दोराखालून, पलीकडे, ताठ ताणलेला.

मी तिचा डावा हात दोन्ही हातांनी धरला. माझे पाय टेकत नव्हते. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरीही त्या रिकाम्या पाण्याकडे तोंड करून म्हणाले, "बाबा, सोडा तिला. मला दुसरं कुणी नाही."

काही झालं नाही.

मग आईचं अंग एकदम हलकं झालं आणि ती माझ्यावर आदळली.

दोन आखूड शिट्ट्या.

मी तिला धरून काठावर आणलं. मी तिचे केस पुसले, तिला कोरडे कपडे घातले. लहान मुलासारखी तिने सगळं करू दिलं. गाडीत बसवून मी तिचा पट्टा लावला. तळं बंद व्हायची वेळ झाली होती. शेवटचा माणूस बाहेर आल्यावरही जीवरक्षक रिकाम्या पाण्यावर एकदा लांब शिट्टी मारतो आणि मागे कुणी राहिलेलं नाही अशी खात्री झाली की आखूड दोन देऊन फाटक लावतो.

गाडीच्या काचा खाली होत्या. लांब शिट्टी ऐकू आली.

मी किल्ली हातात धरून बसले. आखूड शिट्ट्या येत नव्हत्या. झाडांआड मचाण दिसत नव्हतं, पण तो पाण्याकडे बघत थांबला असणार, हे मला कळत होतं.

"आई," मी म्हटलं.

ती समोर बघत होती. तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. झटक्याने. बोटांची पेरं गाडीच्या छताला लागली आणि तिथेच राहिली, सैल.

तळ्याकडून दोन आखूड शिट्ट्या आल्या.