लिव्हर खिशात होता

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या आतेभावाच्या, धनराजच्या बाबतीत खरंच घडलंय. गेल्या डिसेंबरातला रविवार. पेठ रोडवरचा घाट. दिवस नुकताच मावळला होता.

धनराज एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला. बायकोला, रोशनीला घेऊन तो सासुरवाडीहून मोटारसायकलवर परत निघाला होता. गाडीचा गिअर लिव्हर कधीचा ढिला. आतले दाते पार झिजलेले. मेकॅनिक नवीन टाक म्हणत होता, पण आमचा धनराज कुणाचं ऐकेल तर शपथ. त्या सकाळी त्याने डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये सारली, बोल्ट करकचून आवळला आणि सासऱ्यांपुढे ऐट मिरवली. आजचं मरण उद्यावर ढकललं, दुसरं काय.

उद्याची वाट बघावी लागली नाही.

घाटात थंडी वाढली आणि रोशनीचा दमा उसळला. तिने पंप तोंडाला लावला...

रिकामा.

"अहो... लवकर चला," ती कशीबशी म्हणाली.

समोर चढ आला. गिअर उतरवायला धनराजने पाय मारला.

पाय हवेत गेला.

लिव्हर खणखणत रस्त्यावर पडला. गाडी चौथ्या गिअरमध्येच आचके देत बंद पडली. त्याने लिव्हर शोधून आणला, पण बोल्ट उडाला होता. लिव्हर बसेना. नुसत्या बोटांनी गिअर हलेना. मोबाइलला रेंज नाही. एरवी या रस्त्याला ट्रकची रांग असते. त्या दिवशी एक गाडी येईना... रातकिडेसुद्धा गप्प होते.

ऐकू येत होती फक्त रोशनीची घरघर.

धनराज रडकुंडीला आला. त्याने लिव्हर खिशात कोंबला आणि अंधाराकडे बघून हात जोडले.

"कोनी असंल तर ऐका. हिला वाचवा. मंग काय पायजे ते घ्या."

...

खट.

आवाज खालून आला. डाव्या बाजूने. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला होता.

त्याने रोशनीला मागे बसवलं आणि स्टार्टर दाबला. क्लच ओढला...

खट. पहिला गिअर पडला.

चढावर जिथे जो हवा, तिथे तो पडत गेला. धनराजने फक्त क्लच ओढायचा. डावा पाय जागच्या जागी गारठला होता. खाली बघायची त्याची छाती झाली नाही.

घाट संपता संपता मागची घरघर थांबली... त्याने कचकन ब्रेक मारला.

"रोशनी?"

"मला बरं वाटतंय ओ," ती शांतपणे म्हणाली.

नाशकात डॉक्टरांनी तपासलं. छाती स्वच्छ. लहानपणापासूनचा दमा, पण त्या दिवसापासून तिला पंप लागलेला नाही.

गाडी मात्र पडवीत उभी आहे. धनराज तिच्यावर बसत नाही. मला वाटायचं, भित्रा आहे. मग एका संध्याकाळी मी स्वतः तिच्याजवळ उभा राहिलो. किल्ली धनराजच्या हातात, इंजिन थंडगार...

आणि गाडीतून घरघर येत होती. अडखळत, मध्येच थांबत. एखाद्या बाईला श्वास पुरत नसावा तशी.

"भंगारात घाल ही," मी म्हणालो.

"घातली, आन् ते परत रोशनीच्या छातीत आलं तर?"

आत रोशनी गुणगुणत भाकऱ्या थापत होती.