दत्ताराममामाच्या नाकातलं पाणी

सर्दी झालेल्या माणसाला नाक शिंकरायला बंदी! ऐकलंय कधी असं?

बंदी घालणारी बयो म्हणजे आमच्या इस्पितळातली यंत्रपरिचारिका. आवाज मऊ, पण हट्टी म्हणजे किती! पोफळीवर चढायला यंत्र असताना माझा दत्ताराममामा "माझ्या पायांना काय गंज चढलाय?" म्हणत स्वतः चढला आणि पडला. कवटीच्या तळाच्या हाडाला चीर गेली. तेव्हापासून बयो त्याला नीट झोपूच देईना. डोळा लागला की हजर. "मामा, नाव सांगा. कुठे आहात?" वर डोळ्यांत बॅटरी मारायची.

"यमाच्या दारात!" मामा वैतागायचा. की ती पुन्हा विचारायची. मला काही कळेनासं झालं. आजारी माणसाला झोप हवी ना?

त्यात मामाचं नाक गळायला लागलं आणि मावशी आली, गरम ओव्याची पुरचुंडी घेऊन. "एसी बाधलाय. हुंग, आणि शिंकर जोरात." मी मामाला रुमाल दिला. त्याने नाक धरलं, तोच बयो ओरडली, "थांबा!"

बयोला ओरडता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

"ही सर्दी नाही. चाचणी केली आहे. हे मेंदूचं पाणी आहे."

मावशी मटकन खुर्चीत बसली. मला तर रडूच फुटलं. "मामाचा मेंदू वितळतोय की काय?"

"नाही गं शलाका," बयो म्हणाली. "शहाळ्यात पाणी असतं ना, तसं कवटीत मस्तिष्कद्रव (मेंदूला धक्क्यांपासून जपणारं पाणी) असतं. शरीर ते सतत नवं बनवतं. चिरेतून थोडं नाकात उतरतंय, एवढंच."

"मग कापसाचा बोळा घालू?" मी विचारलं.

"मुळीच नको. पाणी तुंबेल, जंतू वाढतील. शिंकरलं तर ते चिरेतून थेट वर ढकलले जातील. म्हणून डोकं उंचावर ठेवायचं आणि नाकाखाली सैल पट्टी. शिंक आलीच तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवायचं. चीर बहुतेकदा आपोआप सांधते."

"आणि सारखं उठवतेस ते?"

"कवटी काही फुगत नाही. आत रक्त साचलं, तर मेंदू दबतो. माणूस गुंगीत जातो, बरळतो, डोळ्यातली एखादी बाहुली (मधला काळा गोल) मोठी होते. गुंगी आणि झोप बाहेरून सारखीच दिसतात. म्हणून विचारते. मामा थट्टा करतात, तेव्हा तर मला दोनदा विचारावं लागतं."

अगं बाई! आणि मी तिला मनातल्या मनात केवढ्या शिव्या दिल्या होत्या.

पण ओव्याचा वास मामापर्यंत पोचलाच होता. "आ... आ..." त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. चारचौघांत नाक चिमटीत धरून शिंक दाबायची त्याची जुनी सवय! हात वर गेलासुद्धा.

मी तो खाली ओढला. "मामा, आ कर! मोठ्ठा आ!"

"आऽऽछी!"

मावशी पुरचुंडीसकट बाहेर पळाली. बयोने बाहुल्या पाहिल्या, नाव विचारलं. या वेळी मामाने मुकाट्याने खरं उत्तर दिलं.

काही दिवसांनी पट्टी कोरडी निघाली. मग दुसऱ्या दिवशीही कोरडीच. डॉक्टर हसले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"नाव सांगा. कुठे आहात?" मीच विचारलं.

"दत्ताराम महाडिक. इस्पितळात. आणि यापुढे पोफळीवर यंत्रच चढेल," मामा म्हणाला. "आता तरी झोपू का, डॉक्टरीणबाई?"

"झोप," मी म्हटलं. "मी बघतेय."

बयो शेजारच्या खाटेवरच्या आजोबांकडे निघाली. थोडी थांबली, वळली आणि तिने बॅटरी माझ्यापुढे धरली. "येतेस?"