आठवं कार्ड

वाऱ्याला घाबरून एल्स्पेथचा जोडीदार त्या शनिवारी गोल्फ खेळायला आलाच नाही. रूरीचाही नाही. मग टपरीत बसून खेळाडूंना मैदानात सोडणाऱ्या म्हाताऱ्या गेडीजने दोघांची नावं एकत्र लिहून टाकली.

"जा, पोरांनो. एकमेकांना धरून खेळा, नाहीतर उडून समुद्रापार डेन्मार्कला पोचाल."

रूरी समुद्रकाठच्या किर्कहेवन गावात नुकताच आलेला जनावरांचा डॉक्टर. एल्स्पेथ औषधांच्या दुकानात काम करायची आणि क्लबातल्या सगळ्यांच्या हँडिकॅपचा, म्हणजे ज्याला-त्याला मिळणाऱ्या फटक्यांच्या सुटीचा, हिशोब सांभाळायची. सूट जितकी कमी, तितका खेळाडू चांगला.

"तुमचा हँडिकॅप किती?" तिने विचारलं.

"चौदा." जरा ऐटीतच.

"झाडांच्या आडोशातल्या मैदानावरचा चौदा ना? आमचं मैदान अवघड. इथे तुम्हाला सतरा फटक्यांची सूट."

"म्हणजे इथे येऊन मी आणखी वाईट खेळाडू झालो?"

"नाही हो. मैदान कठीण आहे, एवढंच आम्ही कबूल करतो."

"कठीण माणसांसमोरही देता का सूट?"

"आधी चेंडू मारा," ती म्हणाली, पण गालात हसली.

त्याने मारला. चेंडू वर गेला, वाऱ्यात क्षणभर विचार करत थांबला... आणि त्याच्याच मागे येऊन पडला. एल्स्पेथ पोट धरून हसली. तिचे फटके मात्र गवताला घासून जात होते, समुद्रावरच्या वाऱ्याला पत्ता लागू न देता. तो चेंडू शोधायला काटेरी झुडपांत शिरायचा. ती त्याच्या कार्डावर आकडे लिहायची — सात, नऊ, पुन्हा नऊ. परतताना दोघांचे कान लाल झाले होते. तिचे एकोणऐंशी फटके. त्याचे एकशे सतरा.

"कार्डं किती आली?" तिने गेडीजला विचारलं.

"तुझं धरून सात. बाकीचे म्हणतात, खेळ अर्धवट सोडला. कार्डं खिशातच गेली त्यांची."

एल्स्पेथने मनातल्या मनात हिशोब केला. किमान आठ कार्डं आली, तरच त्या दिवशीच्या खेळण्याचा हिशोब होतो. सगळेच नेहमीपेक्षा वाईट खेळले असं दिसलं, तर वाऱ्याचा वाटा प्रत्येकाच्या आकड्यातून वजा होतो. सात कार्डांवर वाऱ्याची दखलच नाही. परगण्याच्या संघाच्या निवडीसाठी तिचा हँडिकॅप उद्या दुपारपर्यंत पाचच्या खाली यायला हवा होता. वाऱ्याचे तीन फटके गेले तर येणार होता. गेल्या वर्षीही थोडक्यात हुकलं होतं.

आठवं कार्ड समोर होतं, क्लबातल्या टेबलावर, रूरीच्या सूपच्या वाटीशेजारी. त्याची सही बाकी होती. पण हिशोब ठेवणारीनेच स्वतःसाठी ते कसं मागायचं?

"हे फलकावर लागणार?" त्याने विचारलं.

"हो."

"सगळ्यात खाली?"

"बहुतेक."

"सोमवारी गाव आपापली कुत्री घेऊन दवाखान्यात येईल आणि मला हसेल."

"कुत्री नाही हसणार."

"नाहीच दिलं, तर कुणाचं काही बिघडतं?"

तिने पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला. तो तिथेच विरघळला.

"नियम आहे, द्यावं असा."

"नियम राहू दे. तुला काय वाटतं?"

"मी... मी यात बोलू नये."

"का?"

"तेही सांगू नये."

रूरीने कार्ड हातात घेतलं. ओल्या बोटांनी लिहिलेले तिचे वाकडे आकडे.

"हे खिशात घातलं, तर आजचा दिवस झालाच नाही असं होईल," तो हळूच म्हणाला. "मला तो झालेला हवाय."

त्याने सही केली, उठला आणि कार्ड पेटीत टाकून आला. मगच एल्स्पेथने त्याला सगळं सांगितलं — एका दमात, खाली बघून.

"आणि तू एक शब्द बोलली नाहीस?"

"कसं बोलणार? तुला वाटलं असतं, मी कार्डासाठीच तुझ्याबरोबर बसलेय."

"आणि कशासाठी बसली होतीस?"

"सूप गरम होतं," ती म्हणाली, आणि तिचे कान पुन्हा लाल झाले.

रविवारी सकाळी ती दवाखान्यात आली तेव्हा तो एका नाराज मेंढीच्या पायाला पट्टी बांधत होता.

"तीन," ती दारातूनच म्हणाली. "तीन फटके वाऱ्याच्या नावावर. माझं नाव गेलं निवडीला."

तो हसला. मग म्हणाला, "आणि माझं काय झालं?"

"काही नाही. हँडिकॅपला अलीकडची चांगली कार्डंच धरतात. वाईट सोडून देतात."

"भली पद्धत आहे." तो पट्टीशी चाळा करत राहिला. "एल्स्पेथ... काल माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी सगळा दोष वाऱ्याला दिला."

"बरं मग?"

"आज वारा पडलाय. तरी... तसंच आहे."

खिडकीबाहेर समुद्र अगदी निवांत होता. एल्स्पेथने कोटाच्या बाह्या वर केल्या आणि मेंढीला दोन्ही हातांनी धरलं.

"मग ते वजा नाही करता येणार," ती म्हणाली. "माझंही तसंच आहे. आता बांध नीट, बिचारी कंटाळलीय."