अठ्ठ्याऐंशीचा सेट

स्वरूपा टायरच्या दुकानात शिरली तेव्हा तिची ओढणी भिजून खांद्याला चिकटली होती. दसरा तोंडावर आला तरी पाऊस हटत नव्हता. चाकणच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागली होती आणि दुपारीच दिवे लावावेत असा अंधार पडला होता.

"चार टायर हवेत, साहेबराव. सात सीटरचे. अठ्ठ्याऐंशीचे."

दुकानदार साहेबरावांनी मान हलवली. "एकच सेट होता, ताई. तो या भाऊंनी घेतला."

स्टुलावर चहाचा कप घेऊन बसलेला तरुण जरा ओशाळून हसला. उंच, दाढी वाढलेली... आणि डोळे मात्र दमलेले.

"चौऱ्याऐंशीचे देऊ का?" साहेबराव म्हणाले. "रिमला बसतात की. कोण बघतंय?"

"मी बघते," स्वरूपा म्हणाली.

तिच्या आवाजाला अचानक धार आली. चौऱ्याऐंशी काय नि अठ्ठ्याऐंशी काय, टायरच्या कडेवरचा एवढासा आकडा. पण एका चाकानं किती वजन पेलायचं, ते तोच सांगतो. स्वरूपा मोशी-चिखलीतल्या बायकांना रोज चाकणच्या कंपनीत शिफ्टला सोडायची, आणायची. गाडी नेहमी भरलेली. गेल्या उन्हाळ्यात पंक्चरवाल्यानं घाईत कमी आकड्याचा टायर चढवला. भर रस्त्यात तो फुटला, गाडी दुभाजकावर गेली आणि गाडीतल्या शालनबाईंचा हात मोडला.

"अजून त्यांना धड पोळी लाटता येत नाही," ती म्हणाली. "तरी माझ्याच गाडीत बसतात."

तरुणानं कप खाली ठेवला. "साहेबराव, माझा सेट ताईंना द्या."

"अहो, पण तुमची गाडी—"

"माझ्या गाडीत भांडी आणि गाद्या जायच्यात. ते ओझं काही बोलत नाही. यांचं ओझं बोलतं... हसतंही असेल."

"हसतं, भांडतं, कधी कधी डबाही सांडतं," स्वरूपा म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. "आणि मला ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"स्वरूपा."

"मी समाधान," तो म्हणाला. "नावापुरताच."

तो अंबाजोगाईकडचा. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, ते कंत्राट संपलं. गेल्या वर्षी आई गेली. गावाकडं वडील एकटे, डोळ्यांनी अधू, आणि गाव सोडायला मुळीच तयार नाहीत. समाधान सगळा संसार गाडीत भरून कायमचा परत निघाला होता. त्याचे जुने टायर पार गुळगुळीत झालेले. नवीन सेट येईपर्यंत त्याला थांबणं भाग होतं.

मग तो थांबला. आणि स्वरूपाची परतीची रिकामी फेरी रिकामी राहिली नाही.

बायकांना गेटवर सोडलं की तो समोरच्या चौकात उभा असायचा, हातात प्लास्टिकच्या पिशवीतली गरम भजी; शालनबाई वाकडा हात हलवून त्याला हसायच्या. कांद्याच्या बाजाराबाहेर गाडी लावून ते काचेवरचं पाणी बघत बसायचे. ओल्या कांद्याचा उग्र वास, वायपरची करकर... आणि मधेच दोघांची बोटं एकाच भज्यावर.

"घ्या ना तुम्ही," ती म्हणायची.

"सेट दिला, आता भजंपण देऊ?"

"उपकार काढताय?"

"नाही. आठवण राहावी म्हणून बोलायलोय."

आठवण. हा शब्द आला की स्वरूपा गाडी सुरू करायची.

एकदा साहेबरावांचा निरोप आला, माल पावसात अडकलाय, अजून वेळ लागेल. स्वरूपाला मनातून आनंद झाला. त्याच संध्याकाळी समाधान तिच्याशेजारी बसून वडिलांशी फोनवर बोलत होता. पलीकडचा थकलेला आवाज तिलाही ऐकू आला. "चुलीचा अंदाज येईना रे. परवा हात भाजला." तिला स्वतःच्या आनंदाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानापाशी आली तर समाधानची गाडी जॅकवर चढलेली. साहेबराव चौऱ्याऐंशीचा टायर लोळवत आणत होते.

ती भर पावसात धावली. "हे काय चाललंय?"

"निघतो मी," समाधान खाली बघत म्हणाला. "हळू चालवीन."

"एवढा संसार भरून? घाटातून? शालनबाईंचा हात पाहिलात ना तुम्ही?"

"पाहिला. पण आता थांबलो तर..." त्यानं मान वर केली. "तर मग माझ्यानं जाणं व्हायचं नाही, स्वरूपा. कळतंय का तुला?"

तो पहिल्यांदा 'तुला' म्हणाला होता.

"कळतंय. जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण या टायरवर नको रे... मला रोज झोप लागायला हवी."

साहेबराव टायर परत आत घेऊन गेले.

माल आला तेव्हाही पाऊस होताच. टायर चढल्यावर स्वरूपानं ओढणीच्या टोकानं एकेकावरचा चिखल पुसला, आकडा वाचला. मग उगाच परत वाचला.

"शिक्रापूरपर्यंत येते," ती म्हणाली. "माझी गाडी इथंच राहू दे; शिफ्ट सुटेपर्यंत बसनं परत येईन."

पुढच्या सीटवरची गादी त्यानं मागे कोंबली. भरलेली गाडी जड, संथ निघाली. भिजलेली शेतं, गोदामं, बंद पडलेले ढाबे मागे जात राहिले. शिक्रापूरचा चौक आला, गेला, तरी त्यानं गाडी थांबवली नाही. शेवटी तिनंच त्याच्या मनगटावर हात ठेवला.

गाडी कडेला उभी राहिली.

"एक विचारू?" तो म्हणाला.

"नको विचारूस. मी हो म्हणेन."

"मग विचारतोच—"

"आणि मग तिकडे चुलीपाशी तुझे वडील चाचपडत राहतील, नाहीतर इथं माझ्या बायका पावसात रस्त्यावर उभ्या राहतील. माझी आईपण याच गाडीवर जगते, समाधान. आपल्यातलं कुणीतरी मोकळं असायला हवं होतं..."

तो स्टिअरिंग सोडून तिच्याकडे वळला. "बरं, विचारत नाही. सांगतो. तू मला आवडतीस. लई आवडतीस."

"मलाही तू," ती म्हणाली. त्याचा हात तिनं क्षणभर गालाशी धरला आणि मग पटकन उतरली. मागे वळली असती तर पुन्हा बसली असती.

परतीच्या बसमध्ये ती दाराशी उभी राहून आली. शिफ्ट सुटायच्या आत गाडी गेटवर लावली. बायका छत्र्या मिटत एकेक करून आत शिरल्या. शालनबाई दरवेळी मागं बसायच्या. आज त्या पुढच्या सीटवर आल्या.

"गेलं व्हय पोरगं?"

"गेला."

शालनबाईंनी आपला वाकडा हात तिच्या पाठीवर ठेवला. "रड की मग. आमाला घाई न्हाई."

स्वरूपा रडली. मग डोळे पुसून तिनं गाडी सुरू केली. मोशी येईपर्यंत त्या दिवशी कुणीच गाणी लाव म्हणालं नाही.