कशिदा कट्ट्यावरचा सौम्यक

ऋता शिंत्रेच्या प्रयोगशाळेत कुमुदताई तक्रार घेऊन आल्या, आणि तीही भलतीच. 'कशिदा कट्टा' या त्यांनीच सुरू केलेल्या ऑनलाइन मंचावर वर्षभरात त्यांच्या भरतकामात कुणालाच खोट सापडली नव्हती.

कट्ट्याची रीतच तशी होती. प्रत्येक कामाला दाद द्यायची आणि एक तरी खोट दाखवायची. त्यापायी नवख्या मुली रडकुंडीला येऊन निघून जायला लागल्या, तेव्हा ताईंनी ऋताकडून कट्टा बदलून घेतला. ऋतानं त्यात 'सौम्यक' बसवला.

"तो नवख्यांपुरताच आहे ना?" ताईंनी विचारलं.

"नाही. नियम सगळ्यांना सारखा, असं तुम्हीच बजावलं होतंत. लिहिणारीचे शब्द तसेच साठवले जातात. सौम्यक बसतो वाचणारीच्या बाजूला. कोणत्या वाक्याला तुम्ही पान बंद करता ते तो शिकतो आणि पुढच्या वेळी तसलं वाक्य तुम्हाला सोसेल असं करून दाखवतो."

"म्हणजे गोडबोल्या."

"तुमच्या मापाचा."

ताईंना हसू आलं. बायकांनी आपल्याला काय काय सुनावलं असेल ते बघू तरी, म्हणून त्यांनी सौम्यक काढायला सांगितला. ऋतानं त्यांच्या खात्यापुरता तो बंद केला.

पडद्यावरचे शब्द पालटले. 'काय वेगळी रंगसंगती!' होतं तिथं आता होतं, 'ताई, मोराची मान राखाडी का?' एकीनं विचारलं होतं, पिवळी शेवंती पांढरी कशी झाली. आणि मिरजेच्या नेत्रतज्ज्ञ डॉ. नसीम मुल्ला, कट्ट्यावरच्या जुन्या सभासद, पुन्हापुन्हा लिहीत होत्या: 'निळ्या-पिवळ्यात तुमची गल्लत वाढते आहे. काचबिंदूत असं होऊ शकतं. तो दुखत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. लगेच तपासून घ्या.'

ताईंनी वाचलं होतं ते असं: 'तुमची रंगांची जाण निराळीच. कधी मिरजेला आलात तर भेटा.' दर वेळी खाली त्यांचं उत्तर होतं, 'तुमच्या शब्दांनी हुरूप येतो!'

डॉक्टरांचा शेवटचा मजकूर बराच जुना होता. 'दुर्लक्षच करायचं ठरवलं असेल, तर मी आता थांबते.'

ताईंनी सगळं पुन्हा वरपासून वाचलं. आपल्याला तर सगळं नीट दिसतंय, असं त्या दोनदा म्हणाल्या. रंग सावकाश विटत गेला की ज्याचा डोळा त्याला पत्ता लागत नाही, हे ऋतानं हळू आवाजात समजावलं.

ताईंनी पिशवी टेबलावर उलटी केली. रिळांच्या ढिगातून एक वेचून ऋतासमोर धरलं.

"हा तर निळा आहे ना?"

ऋताच्या ओठांवर काहीतरी बरं वाटेलसं आलं होतं. ते तिनं गिळलं.

"राखाडी आहे, ताई," ती म्हणाली, आणि मिरजेला निघायला तिनं गाडीची किल्ली उचलली.