शून्यावर ठेवलेला बाण

खरं प्रेम पुराव्यावरच उभं राहतं, असं शास्त्र सांगतं. शास्त्र असं काहीही सांगत नाही. हे यी-चेनचं मत होतं. पण शिन्चू शहरातल्या त्या प्रयोगशाळेत तिच्या मताला शास्त्राइतकाच मान होता, कारण मोठा संगणक तिच्या ताब्यात होता.

यीस्टच्या पेशीत कुठलं जनुक कुणावर हुकूम सोडतं, याचं बाणांचं जाळं ती काढायची. जुन्या संशोधनातून जे माहीत आहे ते आधी संगणकाला सांगायचं, वर प्रयोगाचे नवे आकडे घालायचे. मग प्रत्येक बाण खरा असण्याची शक्यता किती, ते तो सांगायचा. त्याने नीट वागावं म्हणून डोक्यावर, तिकडे सगळ्याच यंत्रांवर शुभ म्हणून ठेवतात तसं, मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट.

मार्चमधल्या एका पावसाळी दुपारी एक भिजलेला तरुण ते पाकीट खाताना सापडला.

“अहो! ते यंत्राचं आहे!”

“मुदत संपली होती,” तो भरल्या तोंडाने म्हणाला. “शिळं ठेवलं की यंत्र रुसतं, माहीत नाही तुम्हाला? मी ल्याओ त्सुंग-यु. वरच्या मजल्यावर यीस्ट वाढवतो.”

“आणि खाली येऊन शिळं खाता.”

“यंत्रावर उपकार म्हणून...”

दुसऱ्या दिवशी तो नवं पाकीट घेऊन आला. मग आकडे. मग पिंगतुंगच्या घरच्या बागेतले जांब — लालबुंद, पाण्याचे थेंब अंगावर असलेले. मे उजाडेपर्यंत ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. त्याला हवा असलेला एक बाण मात्र उमटत नव्हता. आठ प्रयोग झाले; शक्यता शून्य.

“सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत दिसला नाही तर काम बंद. मग घरी. बाबांबरोबर जांबांना पिशव्या बांधायच्या.”

तो जाणार, हे ऐकून यी-चेनने उगाच सगळे रकाने पुन्हा उघडले. एका रकान्यात शून्य होतं. वर्षापूर्वी एका जुन्या लेखाच्या भरवशावर त्या बाणाला तिनेच आधीपासून शून्य देऊन ठेवलं होतं.

“त्सुंग-यु... चूक माझी आहे. सुरुवातीलाच शून्य धरलं, तर तू आठ काय, आठ हजार प्रयोग आण — शून्यच येणार.”

“म्हणजे दोन महिने मी भिंतीशी बोलत होतो?”

“जवळपास.”

तिने शून्य पुसून शंभरात एक केलं. दोन तास दोघं खिडकीवरचा पाऊस बघत बसले. बाण उमटला: शंभरात चौऱ्याण्णव.

तो उड्या मारेल असं तिला वाटलं होतं. तो तिच्याकडेच बघत होता.

“आणखी कशाकशावर शून्य ठेवलंयस?”

“...वरच्या मजल्यावरच्या लोकांवर.”

“सगळ्यांवर?”

“एकाचं बदलते. शंभरात एक—”

“पुरे! पुरावा मी मार्चपासून आणतोय.”

“माहितीये,” ती जांब पुसत म्हणाली. “एक कधीच मागे पडलं.”

शुक्रवारी सरांनी बाण पाहिला, मान हलवली, त्सुंग-यु राहिला.

सोमवारी संगणक बंद पडला. पाकिटाची मुदत संपायला अजून सात महिने होते.